चला, वासे मोजू या!
(मोठ्या गटासाठी हस्तकला-पाठ : मॉडेल रेल्वेची लाकडी शेड)



जोते, खांब, तुळई, वासा, आढे, वळचण, बिजागरी, कोयंडा. घरबांधणीचे हे शब्द नुसते पाठ केले तर परीक्षेपुरते टिकतात आणि पुढच्या शनिवारी विसरतात. त्यात तुमचा काही दोष नाही. अमेरिकेत आपण राहतो ती बरीचशी घरे लाकडाच्या सांगाड्यावरच उभी असतात, पण तो सांगाडा भिंतींच्या आत झाकलेला असतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूचे नाव लक्षात तरी कसे राहावे?

म्हणून या सत्रात आम्ही हाताने करायचा एक पाठ घेतला आहे. मॉडेल रेल्वेच्या रुळाशेजारी शोभेल अशी एक लाकडी शेड आपण बांधायची. ती काड्यापेटीएवढ्या जागेत मावते, पण खऱ्या शेडीला जे जे अवयव असतात ते सगळे तिला असतात. मॉडेल रेल्वे हा लहान मुलांचा खेळ आहे असे समजू नका. मोठी माणसे आयुष्यभर हा छंद करतात. या विषयाला वाहिलेले 'मॉडेल रेलरोडर' हे अमेरिकन मासिक १९३४ साली सुरू झाले.

या पाठाचा नियम एकच, तो वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा : कारणाशिवाय फळी नाही आणि कारणाशिवाय डाग नाही.

१. आधी खरी शेड समजून घेऊ

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रेल्वे झपाट्याने पसरली. विटा आणि लोखंड दूरवर नेणे महाग पडे. लाकूड मात्र बहुतेक ठिकाणी जवळपास आणि स्वस्त मिळे. त्यामुळे लहान स्टेशने, पूल, इंजिनासाठी पाण्याच्या टाक्या, कोळशाची कोठारे, शेडी असे बरेच काही लाकडाचे बांधले गेले.

आपली शेड रुळांची निगा राखणाऱ्या टोळीची आहे. भारतात अशा कामगारांना गँगमन म्हणत आणि त्यांच्या प्रमुखाला मुकादम. प्रत्येक टोळीकडे रुळांचा काही मैलांचा पट्टा सोपवलेला असे. त्या पट्ट्यावर फिरण्यासाठी टोळीजवळ एक ट्रॉली असे. गावातल्या हापशासारखा तिचा दांडा वरखाली करायचा की ट्रॉली पुढे पळे. गाडी येण्यापूर्वी ती रुळांवरून उचलून बाजूला घ्यावीच लागे. पहारी, फावडी, घण आणि ही ट्रॉली ठेवण्यासाठी ही शेड.

एवढे कळले की शेडीचा नकाशा आपोआप तयार होतो. ती रुळाच्या अगदी जवळ हवी. दार रुळाकडे तोंड करून हवे. दार ट्रॉली आत जाईल एवढे रुंद हवे. दारापासून रुळापर्यंत फळ्यांचा पाट हवा, म्हणजे ट्रॉली ढकलत नेता येईल. आत कोणी राहत नाही, म्हणून खिडकी एकच आणि लहान असली तरी चालेल. पुढे टोळ्या मोटार-ट्रकने फिरू लागल्या आणि अशा शेडींची गरज संपली. कित्येक पाडल्या गेल्या, कित्येक जागच्या जागी कुजल्या.

२. मापे काढू

मॉडेल रेल्वेत सर्वांत जास्त वापरले जाणारे प्रमाण 'एच-ओ' होय. हे प्रमाण १ : ८७ आहे. म्हणजे खरी वस्तू मॉडेलच्या ८७ पट मोठी असते. हिशेब सोपा आहे : खरा १ फूट म्हणजे मॉडेलवर साडेतीन मिलिमीटर. खऱ्या रुळांमधले अंतर ४ फूट साडेआठ इंच असते, ते मॉडेलवर १६.५ मिलिमीटर होते.

आपल्या शेडीची मापे अशी धरू :

• रुंदी १० फूट = ३५ मिमी
• लांबी १४ फूट = ४९ मिमी
• भिंतीची उंची ८ फूट = २८ मिमी
• भिंतीच्या माथ्यापासून आढ्याची उंची ३ फूट = १०.५ मिमी
• दार ७ फूट × ७ फूट = २४.५ × २४.५ मिमी (दोन झडपा)
• फळीची रुंदी १० इंच = सुमारे ३ मिमी
• सांध्यावरची पट्टी २ इंच = सुमारे अर्धा मिमी
• शेजारी उभा राहणारा मुकादम, ५ फूट ८ इंच = २० मिमी

मुकादमाचे माप कागदावर काढून, कापून जवळ ठेवा. काम करताना मधूनमधून तो शेडीशेजारी उभा करून पाहा. कडी त्याच्या डोक्याच्या वर गेली असेल, तर चूक लगेच कळेल.

३. साहित्य

बासवुडच्या पातळ पट्ट्या, जाड पुठ्ठा, पांढरा डिंक (फेव्हिकॉलसारखा), धारदार कटर, स्टीलची पट्टी, लहान गुण्या, चिमटा, टूथपिक, बारीक पॉलिश पेपर, टिश्यू पेपर, काळी शाई, रबिंग अल्कोहोल.

बासवुडच का, असे विचाराल. बाल्सा लाकूड कटरने लोण्यासारखे कापले जाते, पण ते फार मऊ असते. कडा चुरडतात आणि पृष्ठभागावर तुसे राहतात. बासवुडच्या रेषा बारीक आणि एकसारख्या असतात, म्हणून लहान प्रमाणात ते मोठ्या फळीसारखे दिसते. आइस्क्रीमच्या काड्या आणि कॉफी ढवळायच्या काड्या फुकट मिळतात, पण इथे त्या चालत नाहीत. पाच मिलिमीटर रुंदीची काडी एच-ओ प्रमाणात जवळजवळ दीड फूट रुंदीची फळी होते! तीच काडी १ : ४८ च्या 'ओ' प्रमाणात साधारण साडेनऊ इंचांची फळी म्हणून छान शोभते. वस्तू तीच, प्रमाण बदलले की तिचे काम बदलते.

४. आधी रंग, मग डिंक

हा क्रम उलटा करू नका. डिंक जिथे लागतो तिथे लाकूड नंतर रंग शोषत नाही आणि पांढरे डाग राहतात. म्हणून पट्ट्या चिकटवण्यापूर्वीच रंगवून घ्यायच्या.

अर्धा पेला रबिंग अल्कोहोलमध्ये पाव चहाचा चमचा 'इंडिया इंक' घाला. जास्त गडद हवे असेल तर अर्धा चमचा. पट्ट्या त्यात बुडवून काढा आणि कागदावर वाळवा. काही एकदा बुडवा, काही दोनदा, काही तीनदा. खऱ्या भिंतीतही सगळ्या फळ्या एका झाडाच्या नसतात. पट्टी एकाच बाजूने ओली झाली तर तिला बाक येतो, म्हणून दोन्ही बाजू भिजवायच्या आणि जरा सुकल्यावर जाड पुस्तकाखाली ठेवायच्या. (पुस्तक खराब होऊ नये म्हणून मध्ये मेणकागद घाला!)

सूचना : अल्कोहोल पेट घेते. जवळ मेणबत्ती किंवा शेगडी नको, खिडकी उघडी हवी आणि घरातले मोठे माणूस शेजारी हवे. कटरचे कामही लहान मुलांनी एकट्याने करायचे नाही.

५. भिंती : फळीवर पट्टी कशासाठी?

अमेरिकेतल्या जुन्या शेडींच्या भिंतींवर रुंद उभ्या फळ्या आणि दोन फळ्यांच्या सांध्यावर एक अरुंद पट्टी दिसते. ही काही नक्षी नव्हे. ओल्या लाकडाची फळी वाळताना रुंदीत आकसते, लांबीत मात्र फारशी नाही. त्यामुळे शेजारच्या दोन फळ्यांमध्ये फट पडते आणि तिच्यातून वारा, पाऊस, बर्फ आत येतो. ती फट झाकण्यासाठी पट्टी. कारण समजले की पट्टी कुठे लावायची हे विचारावे लागत नाही.

पुठ्ठ्याच्या चार भिंती कापा. लांब भिंती ४९ × २८ मिमी. आखूड भिंती ३५ मिमी रुंद आणि वर १०.५ मिमी उंचीचा त्रिकोण. समोरच्या आखूड भिंतीत दाराची जागा कापून घ्या. आता एकेक फळी चिकटवा. टूथपिकच्या टोकावर मोहरीएवढा डिंक पुरे. दर चार-पाच फळ्यांनंतर गुण्या लावून फळी सरळ आहे ना ते पाहा. लांब भिंतीला सोळा-सतरा फळ्या लागतात, आखूड भिंतीला साधारण बारा. पन्नासेक फळ्या लागतील, म्हणून घाई नको. एक भिंत एका बैठकीत, असे ठरवा.

फळ्या बसल्या की सांध्यांवर पट्ट्या लावा. मग चारही भिंती जोडा आणि कोपऱ्यांवर एकेक उभी पट्टी लावा. तिने पुठ्ठ्याच्या कडा झाकल्या जातात. खऱ्या शेडीलाही ती असते, कारण फळ्यांची उघडी टोके आणि कडाच आधी पाणी पितात.

खिळ्यांचे काय? मॉडेल करणारे पुष्कळ लोक फळ्यांवर सुईने खिळ्यांची भोके पाडतात. जरा हिशेब करा. सुईचे अर्ध्या मिलिमीटरचे भोक ८७ पट मोठे केले तर सुमारे ४३ मिलिमीटर होते. पेढ्याएवढ्या डोक्याचा खिळा कोणत्या सुताराने पाहिला आहे? तेव्हा भोके पाडायचीच असतील तर अगदी हलकी, आणि जिथे आत आडवे लाकूड असेल तिथेच : खाली, मध्ये आणि वर अशा तीन ओळींत. आधाराशिवाय हवेत खिळा कोणी ठोकत नाही.

दाराच्या दोन्ही झडपा फळ्यांच्याच करा. मागे किंवा पुढे दोन आडव्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये एक तिरपी पट्टी. ही तिरपी पट्टी खालच्या बिजागरीकडून वर, झडपेच्या मोकळ्या कडेकडे जाते. त्यामुळे झडपेचे वजन बिजागरीवर येते आणि मोकळी बाजू खाली लोंबत नाही. तिरपी पट्टी उलटी लावलेले दार जाणत्या माणसाला लांबूनही खटकते.

६. छप्पर : वासे आणि वळचण

आपले छप्पर दुपाखी आहे, म्हणजे दोन उतरत्या बाजूंचे. दोन्ही पाखी जिथे वर भेटतात ते आढे. आढ्यापासून भिंतीकडे तिरके उतरतात ते वासे. वासे भिंतीच्या बाहेर आले की त्यांच्याखाली जो आडोसा तयार होतो ती वळचण. वळचणीवरून पावसाच्या ज्या धारा गळतात त्या पागोळ्या.

प्रत्येक पाख्यासाठी पातळ पुठ्ठा कापा : ५६ मिमी लांब आणि २४ मिमी रुंद. दोन वाशांमध्ये खरे २ फूट अंतर धरले तर मॉडेलवर ७ मिमी होते. आता वासे मोजा. ४९ मिमी लांबीत एका बाजूला ८, दोन्ही मिळून १६. दार बंद ठेवणार असाल तर वळचणीत दिसणारी वाशांची टोकेच लावली तरी चालतील. दार उघडे ठेवायचे असेल तर वासे पूर्ण लांबीचे लावा, कारण वाकून आत पाहणारे कोणीतरी असतेच.

'खाल्ल्या घरचे वासे मोजणे' हा वाक्प्रचार तुम्हाला माहीत आहे. ज्याने जेवू घातले त्याच्याच वाइटावर टपलेल्या माणसाबद्दल तो वापरतात. जेवायला बसलेल्या पाहुण्याने मान वर केली की त्याला छपराचे वासे दिसत, तेव्हा हे बोलणे तयार झाले. सपाट पांढऱ्या सीलिंगखाली जेवणाऱ्यांना ते एरवी कळणार नाही. आपण मात्र वासे स्वतः लावले आहेत, तेव्हा ते मोजायला हरकत नाही.

छपरावर डांबरी कागद घालायचा. खरा कागद ३ फूट रुंदीच्या गुंडाळीत येतो, म्हणून टिश्यू पेपरच्या १०.५ मिमी रुंदीच्या पट्ट्या कापा आणि काळपट करड्या रंगाने रंगवा. पहिली पट्टी वळचणीच्या कडेला लावा. दुसरी तिच्या वर, खालच्या पट्टीवर थोडी चढवून. तिसरी आणखी वर. शेवटी आढ्यावर एक अरुंद पट्टी दोन्ही बाजूंना दुमडून. गावाकडे कौले घालतात तीही अशीच खालून वर, म्हणजे वरच्या कौलाचे पाणी खालच्या कौलावर पडते. उलटे केले तर प्रत्येक सांध्यातून पाणी आत शिरेल. 'वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही' ही म्हण याच छपराने शिकवली आहे.

७. जुनेपण आणायचे कसे?

पूर्वी बरीच मॉडेले नव्या खेळण्यासारखी चकचकीत असत. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टरे गावी जॉन ॲलन नावाचे छायाचित्रकार राहत. त्यांनी आपल्या मॉडेल रेल्वेवरच्या इमारती आणि डबे मुद्दाम जुने, धुळकट, गंजलेले दाखवले, आणि त्यांची छायाचित्रे पाहून अनेकांनी तो मार्ग धरला. १९७३ साली त्यांचे निधन झाले आणि काही दिवसांतच ती रेल्वे आगीत नष्ट झाली. आज लोक ती छायाचित्रांतूनच अभ्यासतात.

जुनेपण म्हणजे वाटेल तिथे काळा रंग फासणे नव्हे. उघड्या लाकडाला ऊन लागले की त्यातला एक घटक सुटा होतो, पावसाने धुऊन जातो आणि वरचा थर राखाडी होतो. म्हणून जिथे ऊन-पाऊस पोचतो तिथे भिंत राखाडी, आणि वळचणीखाली, जिथे दोन्ही पोचत नाहीत, तिथे ती तपकिरी राहते. अमेरिकेत सूर्य दक्षिणेकडून तळपतो, म्हणून दक्षिणेची भिंत जास्त विटते. पागोळ्यांचे पाणी जमिनीवर आपटून चिखल उडतो, म्हणून खालचा फूटभर भाग मळकट. बिजागरीखाली गंजाचा बारीक ओघळ, तोही सरळ खाली, कारण पाणी तिरके वाहत नाही. तुमची शेड टेबलावर कुठे ठेवणार आणि तिची दक्षिण कोणती, हे रंगवण्यापूर्वी ठरवा.

८. शेडीच्या आजूबाजूला

शेड जमिनीवर नुसती ठेवली तर खाली उजेडाची फट दिसते आणि सगळा भास जातो. खरी शेड दगडांवर किंवा जुन्या स्लीपरांवर बसवलेली असते. तेच तिचे जोते. स्लीपर चिकटवा, त्यांच्याभोवती बारीक माती भरा. दारापासून रुळापर्यंत फळ्यांचा पाट घाला. भिंतीशी पाण्याचे एक पिंप आणि बादली ठेवा. वाफेच्या इंजिनातून ठिणग्या उडत आणि सुकलेले लाकूड पेटायला वेळ लागत नसे. दारासमोर पायांनी तुडवलेली, गवत नसलेली जागा दाखवा. एवढे पुरे. दुकानात मिळणारी प्रत्येक छोटी वस्तू शेडीजवळ मांडली तर ती शेड न राहता जत्रा होते.

९. खरी लाकडे कुठे पाहावीत?

न्यू मेक्सिकोतल्या चामा येथून कोलोरॅडोतल्या अँटोनिटोपर्यंत ६४ मैलांची 'कम्ब्रेस अँड टोल्टेक' ही ३ फूट रुंदीच्या रुळांची रेल्वे आहे. हा मार्ग १८८० साली बांधला गेला. १९७० साली दोन्ही राज्यांनी मिळून तो विकत घेतला, म्हणून तो वाचला. चामाला पाण्याची लाकडी टाकी आणि कोळसा भरण्याचे उंच लाकडी कोठार उभे आहे. तितके लांब जाणे जमत नसेल तर सरकारने जपलेली रेखाचित्रे पाहा. जुन्या इमारतींची मोजमापे घेऊन नकाशे करण्याचे काम १९३३ पासून, आणि पूल-रेल्वे-कारखान्यांसाठी १९६९ पासून चालू आहे. ते नकाशे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सर्वांना पाहता येतात.

सुट्टीत पुण्याला जाणार असाल तर तिथले जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय जरूर पाहा. ते १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. आणि गावाकडच्या जुन्या घरात उतरलात तर टेप घेऊन वाशांची लांबी, दारांची रुंदी मोजून आणा. तुमच्या गावाजवळ, इथे किंवा तिथे, एखादी लाकडी शेड अजून उभी असेल, तर लांबूनच का होईना, फोटो काढा आणि अंदाजे मापे लिहून ठेवा. लाकूड थांबत नाही. ती पडल्यावर तुमची वही हाच तिचा पुरावा राहील.

शब्दार्थ

जोते – इमारतीचा जमिनीलगतचा पाया, चौथरा
तुळई – छपराचे किंवा माळ्याचे वजन पेलणारे आडवे जाड लाकूड
गुण्या – काटकोन तपासण्याचे सुताराचे हत्यार
ओळंबा – उभी रेषा तपासण्यासाठी दोरीला बांधलेले वजन
झडप – दाराचा किंवा खिडकीचा उघडमीट होणारा भाग
कोयंडा – ज्यात कडी अडकवतात ते लोखंडी कडे
पाखे – छपराची एक उतरती बाजू

स्वाध्याय

१. नेरळ–माथेरान रेल्वे १९०७ साली सुरू झाली. तिच्या रुळांमधले अंतर २ फूट आहे. एच-ओ प्रमाणात ते किती मिलिमीटर होईल?
२. तुमच्या घराचे दार मोजा आणि ते १ : ८७ प्रमाणात वहीत काढा.
३. 'घर फिरले की घराचे वासे फिरतात' या म्हणीचा अर्थ आजी-आजोबांना फोनवर विचारा आणि त्यांच्याच शब्दांत पाच ओळी लिहा.
४. तुमच्या शेडीवरचा कोणताही एक डाग निवडा आणि तो तिथे का पडला ते तीन वाक्यांत सांगा.

पालकांना विनंती : मुलांना मदत जरूर करा, पण फळ्या त्यांनाच चिकटवू द्या. काम करताना घरात या शब्दांनीच बोला. एखाद्या वस्तूला तुमच्या गावी वेगळे नाव असेल तर ते चिठ्ठीवर लिहून पाठवा. कोकणातले, देशावरचे, विदर्भातले शब्द शेजारी शेजारी मांडून पुढच्या अंकात यादी देऊ. पूर्ण झालेल्या शेडी सत्राच्या शेवटच्या शनिवारी वर्गात आणाव्यात. रुळ आम्ही मांडून ठेवू.